गाडी बोलते, ऐकणारा पाहिजे : आस, कमान व बेअरिंगची हंगामापूर्वीची दुरुस्ती



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या वऱ्हाडात बैलांचे खांदे शेकतात. तुपात हळद कालवून पळसाच्या पानाने ती खांद्याला लावतात. ज्याने वर्षभर जू वाहिले त्याचा खांदा आधी पाहायचा, असा त्यातला साधा व्यवहार आहे. आता पुष्कळ घरी बैलजोडी राहिली नाही. गोठ्याच्या जागी जीप, पिकअप किंवा ट्रॅक्टर उभा असतो. दसऱ्याला आपण त्याला धुतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. बॉनेटला कुंकू लागते, स्टिअरिंगला फूल लागते. पण ज्याच्यावर सारे ओझे असते तो आस आणि ती कमान खाली चिखलात माखलेलीच राहतात. तिकडे वाकून पाहणारा विरळा.

आमचे काम बेण्याचे, लागणीचे आणि तोडणी कार्यक्रमाचे. मग हा मोटारीचा विषय आम्ही का काढला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की प्लॉट पाहत हिंडताना आम्ही जितका ऊस पाहतो, तितक्याच कडेला उभ्या असलेल्या गाड्याही पाहतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते आणि साखर उतरते. त्याला दरवेळी कीड-रोग कारण नसतो. कधी कधी एक फुटलेले बेअरिंग कारण असते. ही झाली पैशाची बाजू. दुसरी बाजू माणसांची आहे. ज्या जीपमधून आपण खत आणतो, त्याच जीपमधून लेकरांना शाळेत, म्हाताऱ्यांना दवाखान्यात आणि सगळ्या घराला यात्रेला नेतो. चाक निखळायचे तेव्हा ते मागे खत आहे की माणसे आहेत, हे विचारत नाही.

कौंडण्यपूरचा रस्ता

कौंडण्यपूर आपल्याला नवीन नाही. वर्धा नदीच्या काठावरचे, तिवसा तालुक्यातले हे गाव. पलीकडचा तीर वर्धा जिल्ह्याचा. विदर्भराज भीष्मकाची ही राजधानी, रुक्मिणीमातेचे माहेर, अशी आपली श्रद्धा. येथून आषाढात पालखी पंढरपूरला जाते आणि तिची परंपरा चारशेहून अधिक वर्षांची सांगतात. कार्तिकात यात्रा भरते. श्रीकृष्णाने रुक्मिणीला येथूनच रथात घालून नेले, ही कथा घराघरात माहीत आहे. त्या रथाच्या घोड्यांचे वर्णन सगळे करतात, आसाला वंगण घालणाऱ्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. आपल्या गाड्यांचेही तसेच आहे.

या शिवारातली जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात ती चाकाला धरते आणि उन्हाळ्यात तिच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. नदीकाठाला वाळू. वाटेत नाले. काळ्या मातीचा चिखल वाळून रबरी टोपणात शिरला, त्यात वाळूचे कण मिसळले, वर जुने ग्रीस असले, म्हणजे सुताराच्या पॉलिश कागदासारखा लेप तयार होतो. तो प्रत्येक वळणावर लोखंड घासत राहतो. म्हणून पक्क्या सडकेवर चालणाऱ्या गाडीचे वेळापत्रक आपल्या गाडीला चालत नाही.

नाल्याचे आणखी एक आहे. दूरवरून आलेल्या गाडीचा हब गरम असतो. ती तशीच पाण्यात घातली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. वरून काही दिसत नाही. चार आठवड्यांनी बेअरिंग गंजून आवाज देऊ लागते. चाक बुडेपर्यंत पाण्यातून गाडी काढली असेल तर हब उघडून पाहणे हाच त्यावर उपाय.

कमान कशासाठी?

जुन्या लाकडी बंडीला कमान नव्हती. आस बंडीला घट्ट, चाक त्यावर फिरणारे. दगडावरून चाक गेले की हिसका सरळ बैलाच्या मानेवर आणि बसणाऱ्याच्या कमरेवर. बंडीवाल्याजवळ त्यावर इलाज म्हणजे बेताची चाल आणि बंडीखाली टांगलेली वंगणाची नळी.

मोटारीत वेग आला, म्हणून हिसका मधेच गिळणारे काहीतरी हवे झाले. ती कमान. एकावर एक पोलादी पाटे, मधोमध सेंटर बोल्टने गुंफलेले आणि यू-बोल्टांनी आसाला आवळलेले. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे, डोळ्यांत बुश, आणि एका टोकाला शॅकल, म्हणजे कमान सपाट होताना लांबायला जागा मिळते. पाटे हिसका गिळतात, पण नंतर ते झुलत राहतात. ती झूल थांबवण्याचे काम शॉक ॲब्झॉर्बरचे, ज्याला आपले मिस्त्री शॉकप म्हणतात.

जुन्या जीपला चारही चाकांवर पाट्यांची कमान. प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली त्यांना आठवेल की तिच्या पुढे गुंडाळी स्प्रिंग आणि मागे पाट्यांची कमान होती. ही गाडी कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात तयार होई, तो उद्योग वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढला. सोलापूरच्या मातीतला हा माणूस. वालचंदनगरचा साखर कारखानाही त्यांचाच. साखर आणि मोटार यांचे नाते महाराष्ट्रात असे जुने आहे. आजच्या बोलेरोला पुढे गुंडाळी आणि मागे पाटे आहेत. लहान मोटारींना पुढे शॉकप व स्प्रिंग एकत्र असलेले स्ट्रट येते. बांधणी बदलली, तरी झिजणाऱ्या जागा त्याच : बुश, पिन, बॉल जॉइंट, बेअरिंग.

झीज वेगळी, थकवा वेगळा

लोखंड दोन तऱ्हांनी जाते. एक झीज. ती घासून होते, हाताला कळते, आवाज देते. दुसरा थकवा. तो बाहेरून दिसत नाही.

फ्रान्समध्ये ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस धावता धावता तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि ५० हून अधिक माणसे गेली. आस जाड होता, लोखंडही वाईट नव्हते. मग तुटला कसा, यावर बरीच चर्चा झाली. रँकिन नावाच्या तरुण इंजिनिअराने तुटलेले आस तपासून दाखवले की जेथे आसाची जाडी एकदम कमी होते त्या खांद्याच्या कोपऱ्यात बारीक चीर पडते आणि ती फेऱ्यागणिक आत सरकते. त्याचा सल्ला असा की तो कोपरा धारदार न ठेवता गोलाईने उतरवावा. पुढे जर्मनीत वोलर यांनी आगगाडीच्या आसांवर अनेक वर्षे प्रयोग करून सिद्ध केले की एका झटक्यात न तुटणारे ओझेही लाखो वेळा उलटसुलट बसले तर आस तोडते.

सभासदांना हे खोडकिडीच्या उदाहरणाने लगेच कळेल. वरून पाने हिरवी, आत अळी पोंगा खात असते. पोंगा वाळला तेव्हा आपल्याला कळते, पण नुकसान आधीच झालेले असते. आसाचा पोंगा वाळतो तो भर रस्त्यात.

एका जीपची गोष्ट

आपल्या एका सभासदाच्या जीपने एका हंगामात पुढचे दोन टायर खाल्ले. गाडी सतत डावीकडे ओढे. त्यांनी आधी रस्त्याला दोष दिला, मग टायरवाल्याला. तिसरा टायर घ्यायला निघाले तेव्हा आमच्या भागातल्या एका जुन्या मिस्त्रींनी त्यांना थांबवले. आम्ही तेथेच होतो.

मिस्त्रींनी पाना उचलला नाही. खिशातून सुतळी काढली. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणली, गाठ मारली आणि तीच सुतळी उजवीकडे लावली. दोन बोटांचा फरक निघाला.

"भाऊ, टायर कायले बदलता? टायर तं बिचारं मार खाऊन राह्यलं. मारनारा वर बसला आहे."

मागच्या कमानीचा सेंटर बोल्ट तुटला होता. यू-बोल्ट सैल पडले होते. एका बाजूने मागचा आस पाट्यावर सरकला होता आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी धावत होती.

"मंग मले आधी काहून नाही सांगतलं कोनी?" सभासद म्हणाले.

"गाडी सांगत होती नं. तुमी टेप लावला होता," मिस्त्री म्हणाले.

सगळे हसले. पण त्याच जीपमधून आठवड्याने घरची नऊ माणसे कार्तिकी यात्रेला जायची होती, हे कळल्यावर हसू थांबले. एका बोल्टाची आणि चार यू-बोल्टांची ती गोष्ट. दोन टायरांच्या पैशात सबंध कमान नवी बसली असती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो असाच होतो.

घरी करता येण्याजोगी तपासणी

पुढील गोष्टींना मिस्त्री लागत नाही. एक सकाळ आणि एक मदतनीस पुरे.

१. गाडी सपाट जागी उभी करून मागून पाहा. एक बाजू खाली बसलेली दिसली तर त्या बाजूची कमान दबली आहे किंवा पाटा तुटला आहे. वर सांगितल्याप्रमाणे सुतळीचे मापही घ्या.

२. प्रत्येक कोपऱ्यावर जोराने दाबून हात सोडा. गाडी एक-दोनदा हलून स्थिर व्हावी. पाळण्यासारखी झुलत राहिली तर शॉकप गेला. शॉकपच्या अंगावर तेलाचा ओला पट्टा दिसला तरी तेच.

३. पुढचे चाक जॅकवर उचला. चाक वर व खाली धरून आत-बाहेर हलवा. खटखट लागली तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. खेळ तसाच राहिला तर किंगपिन, त्याचा बुश किंवा बॉल जॉइंट झिजला. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. तेथे खेळ असेल तर टायरॉड एंड किंवा स्टिअरिंगकडे पाहा.

थोडी झीज किती महाग पडते याचा हिशेब करा. किंगपिनचे वरचे व खालचे बुश १२ सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि तेथे अर्धा मिलिमीटर खेळ आहे, असे धरू. टायरची उंची ७० सेंटिमीटर असेल तर तोच खेळ टायरच्या कडेला जवळजवळ ३ मिलिमीटर होतो. स्टिअरिंग थरथरते ते त्यामुळेच.

४. चाक उचललेले असतानाच हाताने फिरवा आणि कमानीच्या पाट्याला दुसरा हात लावा. बेअरिंग खराब असेल तर घरघर बोटांना आधी कळते, कानाला नंतर.

५. टायर वाचायला शिका. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवली. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर चाकाचा कोन बिघडला. हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने दातेरी लागले तर पुढच्या चाकांची आत-बाहेरची दिशा चुकली. ठिकठिकाणी खळगे पडले तर शॉकप किंवा बेअरिंग तपासा.

६. पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या लहान मोटारीत पूर्ण वळण घेताना कटकट आवाज आला तर शाफ्टच्या सांध्याचे रबरी बूट फाटलेले असणार. बूट फाटल्याबरोबर बदलला तर सांधा वाचतो. आवाज सुरू झाल्यावर नुसते बूट बदलून भागत नाही.

काय बदलावे, काय सांधू नये

कमानीचा पाटा तुटला की वेल्डिंग मारून देणारे भेटतात. हे कधीही करू नये. कमानीचे पोलाद तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक उष्णता देऊन लवचीक केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने तो पाणीदारपणा जातो. सांध्याची जागा ठिसूळ होते, शेजारची मऊ पडते. आज सांधला तर उद्या त्याच्या बोटभर पलीकडे तुटेल. दबलेली कमान ठोकून पुन्हा चढवून घेता येते आणि अडीअडचणीला ती चालते. पण थकलेले पोलाद ठोकल्याने तरुण होत नाही. कमान आणि शॉकप नेहमी डावे-उजवे जोडीने बदलावेत. एक बैल उंच आणि एक ठेंगणा जुंपला तर जू तिरपे होणारच.

यू-बोल्ट नवे टाकल्यावर काम संपले असे समजू नये. पाटे बसतात आणि आवळ सैल होतो. ओझ्यासह थोडे अंतर चालवून पुन्हा आवळून घ्यावेत. गाडीवाले हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरतात. सेंटर बोल्ट तुटण्याचे मूळ बहुधा सैल यू-बोल्टातच असते.

आसाबद्दल आणखी कडक नियम. पुढचा आस घडीव पोलादाचा असतो. पुण्याच्या मुंढव्यात १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जसारख्या कारखान्यात तापलेले पोलाद साच्यात दाबून असे आस घडवतात. त्यामुळे पोलादाचे धागे आसाच्या आकाराप्रमाणे वळतात आणि बळ येते. तो गॅसच्या ज्योतीने लाल करून सरळ करणे म्हणजे कारखान्याने दिलेले बळ काढून घेणे. मागच्या चाकाला फिरवणारा शाफ्ट तुटला तर तो सांधू नये, नवाच घालावा.

चीर ओळखण्याची रेल्वेच्या वर्कशॉपातली एक जुनी युक्ती सांगतो. आसाचा भाग घासून स्वच्छ करा. त्यावर रॉकेल किंवा पातळ तेल लावून काही वेळ मुरू द्या. मग फडक्याने अगदी कोरडे पुसा आणि खडूची भुकटी लावा. आसावर हलके ठोका. चीर असेल तर आत मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर केसासारखी काळसर रेघ उमटते. विशेषतः बेअरिंग बसते तेथील खांद्याचा कोपरा असा तपासावा. रेघ दिसली की तो आस भंगारात.

बेअरिंग : स्वच्छता हीच अर्धी दुरुस्ती

बेअरिंग काढल्यावर डिझेलमध्ये धुवा, वाळवा आणि उजेडात पाहा. रोलरवर खड्डे, ओरखडे किंवा निळसर झाक दिसली तर ते गेले. निळी झाक म्हणजे ते कोरडे तापले. नवे घालताना आतली व बाहेरची रिंग दोन्ही नव्या घाला. जुन्या रिंगेत नवे रोलर म्हणजे जुन्या रोगट खोडव्यात चार नवी बेणी लावल्यासारखे. सीलही नवे घ्या. जुने सील गळले तर ग्रीस ब्रेकच्या लायनरवर जाते आणि ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.

ग्रीस चाकाच्या बेअरिंगचेच वापरा आणि दोन जातींचे ग्रीस एकत्र करू नका. रोलरांच्या मधोमध हाताने दाबून भरा; हब मात्र गच्च भरू नका, नाहीतर ते तापते. नट आवळताना चाक फिरवत आवळा, मग किंचित मागे घ्या. चाक मोकळे फिरावे आणि खेळ जाणवू नये. फुटी पिन नवीनच लावा. चार-पाच किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर आवळ जास्त झाला, पुन्हा उघडा.

जॅकखालचा धोका

हे सांगितल्यावाचून लेख पुरा होत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जमीन सपाट व कडक हवी, उरलेल्या चाकांना पुढे-मागे अडणी हवी आणि आसाखाली लोखंडी स्टँड किंवा रुंद लाकडी ठोकळे हवेत. विटा रचू नयेत; वीट ओझ्याखाली न सांगता फुटते. गुंडाळी स्प्रिंग दाबलेली असताना तिचे नट घरी सोडू नयेत, त्याला योग्य दाबयंत्र लागते. ते काम गॅरेजात करून घ्यावे.

ट्रॉलीविषयी विनंती

ऊस वाहणाऱ्या पुष्कळ ट्रॉल्यांना कमान नसते किंवा असून नसल्यासारखी असते. त्यामुळे खड्ड्याचा सारा हिसका स्पिंडलच्या खांद्यावर, म्हणजे रँकिनने दाखवलेल्या त्याच कोपऱ्यावर बसतो. त्यात क्षमतेहून जास्त मोळ्या रचल्या की चीर वेगाने सरकते. आणि आपल्याला माहीत आहे, मोळ्यांच्या वर कधी तोडणी कामगार बसलेला असतो, त्याच्या मांडीवर मूल झोपलेले असते. म्हणून ट्रॉलीच्या स्पिंडलची खडूची तपासणी, बेअरिंगचे ग्रीस आणि यू-बोल्टांचा आवळ ही तीन कामे पहिली मोळी बांधण्यापूर्वी झालीच पाहिजेत. मोळ्यांवर माणूस बसवणे तर बंदच व्हावे.

तोडणीची पाळी येण्यापूर्वी सभासदांनी आपले वाहन एकदा खालून पाहावे. ज्यांच्याकडे स्टँड नाहीत त्यांनी गावात चार-पाच जणांत मिळून एक जोडी घ्यावी. ती वर्षानुवर्षे टिकते. जुन्या मिस्त्रींना तरुण पोरांनी हाताखाली राहून हे हातचे ज्ञान शिकून घ्यावे. सुतळी आणि खडू कोणत्याही दुकानात मिळतात. उसाची लागण, खोडवा यांबद्दलच्या शंकांप्रमाणेच वाहतुकीच्या अडचणीही गटकार्यालयात येऊन सांगाव्यात. आम्ही ऐकायला आहोत.